गुरुवारी आलेला मेसेज

‘मुलगी पुण्याला होस्टेलवर निघाली आहे, तिच्या फोनमध्ये सुरक्षेचं कोणतं अ‍ॅप टाकून देऊ?’ असं एका वाचक आईने विचारलं आहे.

२०११ मध्ये अमेरिकी सरकारने अशा अ‍ॅपसाठी स्पर्धाच घेतली. तिच्यातल्या विजेत्या ‘सर्कल ऑफ सिक्स’मध्ये दोनदा बोट टेकवलं की सहा विश्वासातल्या माणसांना आपला ठावठिकाणा कळायचा. सोय उत्तम, असं एखादं अ‍ॅप जरूर टाका. पण ती उपयोगी पडते संकट समोर उभं राहिल्यावर, आणि सगळी सावधगिरी मुलीच्याच गळ्यात.

लैंगिक अत्याचाराच्या घटनांत अनेकदा दारूही असते. म्हणून मला जास्त मोलाचा वाटतो तो पिणं आटोक्यात ठेवणारा साधा एसएमएस. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डॉ. ब्रायन सफोलेटो यांनी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात आलेल्या, बेसुमार पिणाऱ्या ७६५ तरुण-तरुणींवर बारा आठवडे प्रयोग केला. एका गटाला गुरुवारी मेसेज यायचा: या वीकेंडला पिण्याचा बेत आहे का? बेत मोठा असेल तर पुढचा प्रश्न, मर्यादा ठरवाल का? रविवारी पुन्हा विचारणा, आणि उत्तर पाहून चार शब्द. दुसऱ्या गटाला फक्त रविवारी ‘किती प्यालात?’ एवढंच. तिसऱ्याला काहीच नाही. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले अतिमद्यपानाचे दिवस महिन्याला सरासरी अर्ध्या दिवसाने घटले. घट लहानच, पण ज्यांना नुसतं विचारलं त्यांचे दिवस चक्क वाढले होते! नुसती मोजदाद कामाची नाही. पहिला पेला हातात येण्याआधी स्वतःच ठरवलेली मर्यादा कामाची. स्वीडनमध्ये तर रक्तातल्या अल्कोहोलचा अंदाज सांगणारं अ‍ॅप विद्यार्थ्यांना दिलं, तेव्हा मुलगे आधीपेक्षा जास्त वेळा पिऊ लागले. ही २०१४ ची गोष्ट.

तरीही दारू आटोक्यात आली म्हणजे अत्याचार थांबला, असं नाही. अत्याचाराला जबाबदार तो करणारा, आणि त्याच्यापर्यंत पोचणारे प्रयोग फार थोडे. म्हणून अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या संशोधक लॉरा सालाझार यांच्या ‘रिअलकन्सेंट’ या ऑनलाइन कार्यक्रमाचं नाव आवर्जून घेतो. त्यांनी कॉलेजातल्या ७४३ मुलग्यांना घेऊन प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा ऑनलाइन भाग होते: संमती कशी ओळखायची, नशेत असलेली मुलगी ‘हो’ म्हणू शकते का, मित्र हद्द ओलांडतोय असं दिसलं तर मध्ये कसं पडायचं. सहा महिन्यांनी या मुलग्यांनी इतरांपेक्षा कमी अत्याचार केल्याचं आणि जास्त वेळा मध्ये पडल्याचं सांगितलं. पुष्कळ जण मध्येच गळाले, आणि हा सगळा हिशेब त्यांच्याच तोंडचा आहे. तरी दिशा मला पटते.

तेव्हा ताई, प्रवेशाच्या दिवशी कॉलेजला एवढं विचारा: पहिल्या वर्षाच्या मुलग्यांना तुम्ही यातलं काय शिकवता?