जुने विमान आणि मागाचा हिशेब

उधना-पांडेसराच्या बाजूस यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांची हयात गेली, अशा आमच्या खानदेशी बांधवांना विमान कंपन्यांचे अर्थशास्त्र फारसे समजावून सांगावे लागणार नाही. धोट्याच्या जुन्या मागाचे कर्ज फिटलेले असते. तो सावकाश चालतो, वरचेवर दुरुस्ती मागतो, पण बँकेचा हप्ता मागत नाही. मंदीत चार दिवस बंद राहिला तरी मालकाची झोप उडत नाही. वॉटरजेट माग कितीतरी अधिक कापड देतो, मात्र हप्ता भरावयाचा तर तो रात्रंदिवस चालवावाच लागतो. विमानाची गोष्ट याहून निराळी नाही.

अमेरिकेतील डेल्टा ही काही दरिद्री कंपनी नव्हे. तरीही डीसी-९ ही जुन्या घडणीची विमाने तिने जानेवारी २०१४ पर्यंत उडविली. भांडवल केव्हाच वसूल झालेले. इंधन थोडे अधिक जळले तरी नव्या विमानाच्या हप्त्यापुढे ते स्वस्तच पडे. आपल्या देशात मात्र विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचाच वाटा सुमारे ४० टक्के असतो, आणि हिशेब उलटतो. एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली आले तेव्हा केवढे अप्रूप होते! पुढे दोन इंजिनांची विमाने तेवढीच मजल कमी इंधनात मारू लागली आणि चार इंजिनांची तहान परवडेनाशी झाली. २०२१ च्या मार्चमध्ये जंबोने शेवटची प्रवासी फेरी केली. एप्रिल २०२४ मध्ये अखेरचे जंबो मुंबईहून कायमचे निघून गेले.

येथे वाचक विचारतील, जुन्या विमानात बसावे तरी का? वास्तविक विमानाचे वय वर्षांपेक्षा उड्डाणांवर मोजावे. प्रत्येक उड्डाणात हवेच्या दाबाने त्याचे अंग फुगते व सैल पडते, आणि धातू थकतो. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या विमानाचे छतच उडाले. ते होते १९ वर्षांचे. पण लहानलहान फेऱ्यांनी त्याची उड्डाणे ८९ हजारांवर गेली होती. म्हणूनच ठराविक काळाने विमान पुरते उकलून तपासतात, आणि तो खर्च जबर असतो.

इंडिगोने २००६ पासून यातून चतुर वाट काढली: नवी विमाने भाड्याने घ्यावयाची आणि मोठ्या तपासणीची वेळ येण्यापूर्वीच परत करावयाची. ही युक्ती आम्हांस बिनतोड वाटे. पण नव्या जातीच्या इंजिनांतच दोष निघाला. गो फर्स्टची निम्मी विमाने जमिनीला खिळली आणि मे २०२३ मध्ये कंपनीच बंद पडली; पुढे इंडिगोचीही ७० हून अधिक विमाने उभी राहिली. आमच्या सुरतेच्या विमानतळावर उतरतात ती बहुतेक याच मध्यम आकाराची. नवी विमाने वेळेवर मिळेनात, तेव्हा परत करावयाच्या जुन्या विमानांचे करार कंपन्या वाढवू लागल्या, आणि त्या जुन्यांचेही भाडे चढले.