डहाणूत पक्षी बघायचे तर आधी भरती बघा

डहाणूच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला पहाटेच पोहोचावं लागतं असं नाही. इथे पाण्याची वेळ सांभाळावी लागते. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की हिवाळी पाहुणे दूरच्या चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी भरू लागलं की चरायची जागा आकसते आणि तेच थवे पाण्याच्या कडेबरोबर आपल्याकडे सरकत येतात. भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास धरावेत आणि एका जागी बसून राहावं. मग फरक कळू लागतात. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टोचतो, कारण तो भक्ष्य डोळ्यांनी हेरतो. तुतवार चोच खुपसत चालतच राहतो. त्याला चिखलातला किडा चोचीच्या टोकाला कळतो. फोटोसाठी थवा उठवू नये. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी साठवलेली चरबी त्या उड्डाणात जळते.

तलासरीकडे वळलं की ताडाखाली थांबून वर बघावं. ताडपाकोळी लाळेने पिसं चिकटवून पानाच्या खालच्या बाजूला इवलंसं घरटं करते. झाड स्वच्छ दिसावं म्हणून लोंबणारी पानं छाटली, तर तिचं घरच जातं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर वेगळीच हाक येते. खवळलेल्या समुद्रातून जखमी कासवं वाहून येतात. कुणाचा पर तुटक्या जाळ्याने कापलेला असतो. त्यांना पुन्हा पाण्यात लोटणं ही दया नव्हे. थकलेलं कासव बुडी मारू शकत नाही, ते तसंच तरंगत राहतं. सावलीत ठेवावं, पाठीवर ओलं फडकं घालावं आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवावं. डहाणूत कासवांचं उपचार केंद्र आहे. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजनाही राज्याने 2018 मध्ये आणली.

मुंबईहून लोकलने येता येईल इतक्या जवळ खाडी, तिवरं, चिकूच्या वाड्या आणि जंगल अजून टिकून आहे, त्याला कारण आहे. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण आलं आणि त्यांनी ते अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळलं. आता याच तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे, 30 ऑगस्ट 2024 रोजी. आराखड्यात समुद्रातलं 1,448 हेक्टर क्षेत्र भराव घालून घ्यायचं आहे. चिखल आणि खडकावर जगणाऱ्या पक्ष्यांना याची झळ बसेल अशी मला खरीखुरी काळजी वाटते.

म्हणून आत्ताच्या नोंदींचं मोल मोठं आहे. तारीख, वेळ, जागा, पाणी चढतं की उतरतं, कोणता पक्षी किती, एवढं वहीत लिहावं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावं. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही, तो दिवसही लिहावा. तो गाळला, तर पुढे संख्या घटली हे दाखवता येत नाही.