एकेकाची पावले, सर्वांचा प्रवास

व्यायामाचे महत्त्व आज कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. तरीही पहाटे चालण्याचा निश्चय आठ-पंधरा दिवसांत मावळतो. याला नुसता आळस म्हणणे बरोबर नाही. आंबीसारख्या गावात माणूस घरून निघतो, इंद्रायणीकडे जातो आणि परत येतो. रोज तीच वाट, तेवढेच अंतर. काही साध्य झाले असे डोळ्यांना दिसत नाही, आणि एखादे दिवशी गेला नाही तर विचारणाराही कोणी नसतो.

यावर एक बिनखर्चाचा उपाय म्हणजे नकाशावरचा सामुदायिक प्रवास. प्रत्येकाने आपापल्या सवडीने, आपल्याच गल्लीत चालायचे. पण सर्वांचे अंतर एकत्र करून नकाशावरील एखाद्या लांबच्या वाटेवर पुढे सरकायचे.

आपल्या देशात २०१२ साली ‘स्टेपॅथलॉन’ नावाचा असा उपक्रम सुरू झाला. पाच जणांचा संघ, प्रत्येकाजवळ पेडोमीटर म्हणजे पावले मोजणारे छोटे यंत्र, आणि शंभर दिवसांचा काल्पनिक जगप्रवास. पहिल्या तीन वर्षांतील ६९,२१९ सहभागींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची चाल सरासरी ३,५१९ पावलांनी वाढली होती, बसून राहण्याचा वेळ पाऊण तासाच्या आसपास घटला होता, वजन सरासरी १.४५ किलोने उतरले होते. अर्थात हे लोक आपल्या इच्छेने आलेले होते आणि भाग न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केलेली नव्हती. तेव्हा सारे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही.

त्या अभ्यासातील आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. सहभागींत स्त्रिया शेकडा चोवीसच होत्या. उपक्रम कंपन्या आणि कचेऱ्यांमार्फत चालला. घर सांभाळणारी किंवा रोजंदारीवर जाणारी स्त्री त्यात येणार कोठून? आपल्या वस्तीत हा प्रयोग करायचा तर वहीत पहिले नाव तिचे हवे आणि तिला अर्धा तास मोकळा मिळावा यासाठी घरातल्या पुरुषांनी भांडी घासायला हरकत नाही.

आता हिशेब पाहू. मोठ्या माणसाचे एक पाऊल सुमारे सत्तर सेंटिमीटर धरले, तर पाच हजार पावलांचे साडेतीन किलोमीटर होतात. पाच जणांचे मिळून रोज साडेसतरा. नागपूरहून मुंबईकडे येणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे; चाळीस दिवसांत हे पाच जण ७०० किलोमीटर पार करतात! (त्या रस्त्यावर पायी जायला प्रत्यक्षात मनाई आहे, कागदावर कोणी अडवत नाही.) मुलांसाठी जवळची वाट बरी: तळेगावापासून वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. एकेक स्टेशन मागे पडले की मुलांना गंमत वाटते. विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा, रोजची बेरीज करावी आणि मळवली आले की कार्ले-भाजे लेण्यांची माहिती सर्वांना वाचून दाखवावी.

मात्र कोण पहिला, कोण शेवटचा अशी यादी भिंतीवर लावू नये. बक्षीसही नको. यादी लागली की गुडघे दुखणारी आजी दुसऱ्या आठवड्यात येणे बंद करते आणि काही जण यंत्र हातात घेऊन नुसते हलवू लागतात. एकच बेरीज असली की आजीची हजार पावलेही तीत मोजली जातात, आणि ती आली नाही तर शेजारीण दार वाजवते. माणूस नागपूर-मुंबईच्या ओढीने उठत नाही, या दार वाजवण्याने उठतो.

दहा हजार पावलांचा धाकही नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. वृद्ध स्त्रियांविषयीच्या २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि साडेसात हजारांपुढे जास्तीचा लाभ दिसला नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालू नये व घरी आल्यावर तळपाय पाहावेत. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली तर तेथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. त्या दिवसाचे अंतर बाकीचे भरून काढतील.