पाषाणचे हिरवे पाणी

पाषाण तलावाच्या काठी एका उन्हाळी सकाळी मी बाटलीत पाणी भरत होतो. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "कुणी रंग ओतलाय की काय?" बाटली घरी टेबलावर ठेवली. तासाभरात हिरवा थर वर आला आणि खालचे पाणी नितळ झाले. शेवाळाच्या सुट्या पेशी सहसा तळाशी बसतात, मग हे वर का आले?

सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटली. हा मायक्रोसिस्टिस. हे नाव जर्मन अभ्यासक क्युट्झिंग यांनी १८३३ मध्ये दिले. दिसायला शेवाळ असले तरी हा प्रकाशावर जगणारा जीवाणू आहे. पेशी काही मायक्रॉनच्याच, पण हजारोंनी एका गोंदासारख्या द्रवात राहतात. प्रत्येक पेशीत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांनी ती तरंगते. दिवसा साठवलेल्या पिष्टमय पदार्थांनी वसाहत जड होऊन खाली जाते आणि रात्री ते खर्चून पुन्हा वर येते. वसाहत मोठी असली की ही ये-जा वेगाने होते, शिवाय पाण्यातल्या बारीक जीवांना तिचा घास घेणे अवघड जाते. उबदार, संथ पाणी आणि सांडपाण्यातले फॉस्फरस मिळाले की हिचे राज्य सुरू होते.

तिच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन हे विष असते. ते यकृतावर घाला घालते. "पाणी उकळून प्या" हा आपल्या घराघरातला मंत्र इथे चालत नाही. उकळून विष नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळे होते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातले नळाचे पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका, असे सांगावे लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे.

पाषाणचे पाणी आपण पीत नाही, म्हणून निश्चिंत राहावे का? रामनदी मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या धरणात. सोलापूर उजनीचे पाणी पिते. आपण नाल्यात सोडतो ते फॉस्फरस वाटेत हरवत नाही. आजोबांना एवढेच सांगायला हवे होते: हो, रंग ओतलाय, आणि तो आपणच ओतलाय.