पटाचारेचे पाणी आणि वस्तीतील झाड

थेरीगाथेतील पटाचारा थेरीची कथा उपासक-उपासिकांना सुपरिचित आहे. पती, दोन बालके, आईवडील व भाऊ यांचा मृत्यू लागोपाठ ओढवल्याने तिचे भान हरपले आणि ती विवस्त्र अवस्थेत भटकू लागली, असे अट्ठकथा सांगते. लोकांनी तिच्यावर माती-ढेकळे फेकली. जेतवनात भगवंतांनी मात्र तिला अडवू दिले नाही. तेथे एकाने आपले उपरणे तिला दिले. प्रवचनांत कथा बहुधा येथेच थांबते. आम्हांस पुढील भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. भिक्षुणी झाल्यावर एके दिवशी पाय धुताना उंचावरून सखलाकडे वाहणारे पाणी ती पाहत राहिली आणि त्या पाहण्यातच तिचे चित्त एकाग्र झाले. नित्याची जागा, जमीन, थोडे पाणी. याहून अधिक काही तेथे नव्हते.

पटाचारेच्या शोकजन्य अवस्थेला आजच्या निदानाचे नाव देणे उचित नव्हे. तथापि छिन्नमनस्कतेसारख्या (स्किझोफ्रेनिया) गंभीर आजारातून सावरणाऱ्यास घराजवळचा निसर्ग काय देतो, हे तिच्या कथेवरून समजू लागते. आजाराचा भर ओसरल्यावरही उत्साह मंदावलेला असतो, औषधांनी सुस्ती येते, वजन वाढते, माणसांत बोलणे जड जाते. झाडाखाली बसलेल्यास कोणी प्रश्न विचारीत नाही. माणसांच्या जवळ राहूनही न बोलण्याची तेथे मुभा असते. रोज तेथवर चालत जाण्याने दिवसाला पुन्हा आकार येतो.

डेन्मार्कमध्ये १९८५ ते २००३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्यांना पुढे निरनिराळे मानसिक विकार होण्याची जोखीम १५ ते ५५ टक्क्यांनी अधिक आढळली. हा निष्कर्ष जोखमीविषयी आहे, बरे होण्याविषयी नव्हे. आणि हिरवाई हेच कारण, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. झाड औषधाची जागा घेत नाही. उलट काही औषधांमुळे ऊन सोसत नाही, तर लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी होणे धोक्याचे असते. म्हणून फेरी सकाळी वा सायंकाळी असावी, सोबत पाणी असावे आणि औषधाचा डोस डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नये.

प्रश्न उरतो तो जागेचा. आपल्या दाट वस्त्यांत उद्यान दूर असते आणि रुग्ण दाराआड. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, साखळदंडास मनाई केली आहे. परंतु गल्लीतील कुजबुज कायद्याने थांबत नाही. पुष्कळ विहारांच्या प्रांगणात पिंपळ आहे. आपण त्याला लोखंडी जाळी घालतो, पौर्णिमेला पूजन करतो आणि बसण्यास एक बाकही ठेवीत नाही!

या संदर्भात विनयपिटकातील गग्ग भिक्षूचे प्रकरण लक्षणीय आहे. तो उन्मत्त असताना उपोसथास कधी येई, कधी येत नसे. त्याच्या अनुपस्थितीतही उपोसथ करता यावा, म्हणून संघाने रीतसर संमती दिली. त्याला घालवून दिले नाही. पुढे तो बरा झाला, तरी काही भिक्षू उन्मादावस्थेतील कृत्यांवरून त्याला दोष देत राहिले. तेव्हा भगवंतांनी ‘अमूळ्हविनय’ घालून दिला. भान नसताना घडलेल्या त्या कृत्यांचा दोष त्यानंतर गग्गावर ठेवता येत नव्हता.