बसल्या जागी भेटणारे पाहुणे

दीर्घ आजारातून उठलेल्या ज्येष्ठ व्यक्तीचे जग नकळत आक्रसत जाते. पलंग, आरामखुर्ची, गॅलरी आणि दवाखाना एवढ्यातच दिवस फिरू लागतो. घरातील संवादही मग ‘गोळी घेतलीत का?’ आणि ‘आज साखर किती आली?’ या दोन प्रश्नांपुरता उरतो. शुश्रूषा करणाऱ्याची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. दोघे चोवीस तास एकत्र असतात. परंतु दोघांनी मिळून पाहावे आणि त्यावर बोलावे, असे काहीच घडत नसते. आपल्या घरात हे चित्र असेल, तर हिवाळ्याच्या तोंडावर एका छंदाचा विचार अवश्य करावा. तो म्हणजे पाणवठ्यावर बसून रानबदके पाहणे आणि जमल्यास त्यांची छायाचित्रे घेणे.

पक्षिनिरीक्षण म्हटले की डोंगर चढणे, रान तुडवणे आणि मान वर करून पानांआड दडलेला चिमणीएवढा पक्षी शोधणे असे चित्र डोळ्यांसमोर येते. गुडघेदुखी वा मानेचा विकार असलेल्यांना ते झेपत नाही. बदकांचे तसे नाही. ती आकाराने मोठी असतात, उघड्या पाण्यावर असतात, आपल्या नजरेच्या पातळीवर असतात आणि तासन्‌तास एकाच परिसरात राहतात. अनेक जातींची बदके रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. त्यामुळे पहाटे चार वाजता उठण्याचीही सक्ती नाही. उलट जो फार हालचाल करतो, त्याला बदके दूर ठेवतात. जो एका जागी शांत बसतो, त्याच्या जवळ ती हळूहळू सरकतात. वयाने आलेला संथपणा इथे उणीव ठरत नाही. तीच या छंदाची पहिली पात्रता आहे.

कोण कोण येते?

महाराष्ट्रात साधारणपणे ऑक्टोबरपासून ही मंडळी उतरू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. फावड्यासारखी रुंद चोच असलेला थापट्या पाणी गाळत गोल गोल फिरतो. त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखी बारीक दातेरी रचना असते आणि तिच्यातून सूक्ष्म खाद्य मागे राहते. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक आणि डोळ्यावर पांढरी कमान मिरवणारे भुवई बदक हेही याच काळातले पाहुणे. नारिंगी-तपकिरी चक्रवाक तर आपल्याला संस्कृत काव्यातून परिचित आहे. रात्री विरह सोसणारी चक्रवाकाची जोडी ही कविकल्पना खरी. पण काठावर जोडीने बसलेले चक्रवाक पाहिले, की ती कल्पना कुठून सुचली असेल याचा अंदाज येतो.

सगळेच परदेशी असतात असेही नाही. चोचीवर पिवळा आणि तांबडा रंग ल्यालेले हळदी-कुंकू बदक आणि शीळ घालत उडणारी अडई ही आपल्याकडे बारमाही राहणारी बदके आहेत. काळाकुट्ट देह आणि कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी बदकांच्या मेळ्यात पोहत असतो, पण तो बदक नव्हे. तो पाणकोंबड्यांच्या कुळातला. आणि हंसाविषयी म्हणाल, तर खरा हंस भारतात फार क्वचित येतो. आपल्याकडे अनेकजण ज्याला राजहंस म्हणतात, तो गुलाबी, उंच पायांचा रोहित असतो. त्याचे कुळ निराळे.

हंसाची हौस भागवायला मात्र पट्टकादंब आहे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसकुळातला पक्षी तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या सरोवरांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून दख्खनेत उतरतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात त्याने ७,००० मीटरपेक्षा अधिक उंची गाठल्याची नोंद झाली आहे. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी, की तो उगाच उंचावर राहत नाही. जमिनीच्या चढ-उतारांना धरून तो खाली येतो आणि गरज पडेल तेव्हाच पुन्हा चढतो, कारण विरळ हवेत उडणे फार कष्टाचे असते. शक्ती जपून वापरावी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

काय पाहावे?

नावे लगेच ओळखता आली नाहीत तरी बिघडत नाही. आरंभी वर्तन पाहावे. काही बदके डोके पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे करून उथळ पाण्यात चरतात. ती उडताना पाण्यावरून थेट वर झेपावतात. लालसरीच्या कुळातली बदके बुडी मारून तळाशी जातात आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून काही अंतर धावतात. एवढा एक भेद कळला, तरी समोरचा थवा वाचता येऊ लागतो.

दुसरी गंमत रंगांची. विणीनंतर नर बदकांची भडक पिसे गळतात आणि काही काळ ते मादीसारखे फिकट दिसतात. ऑक्टोबरात आलेले अनेक नर असेच मळकट असतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्यांचे रंग उजळतात, काहींना त्याहून उशीर लागतो. म्हणून एकाच तळ्यावर दर पंधरवड्याला जाणाऱ्याला जे दिसते, ते एकदाच दहा तळी पालथी घालणाऱ्याला दिसत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. झोपलेल्या बदकांच्या रांगेत कडेचे बदक बहुधा एक डोळा उघडा ठेवून झोपते. मॅलार्ड बदकांवरील १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, की अशा वेळी त्याच्या मेंदूचा एक भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो; उघडा डोळा असतो तो थव्याच्या बाहेरच्या दिशेला. मधली बदके मात्र दोन्ही डोळे मिटून निर्धास्त झोपतात. रुग्णाच्या उशाशी रात्री काढणाऱ्याला ही अर्धी झोप चांगली ठाऊक असते. पण बदकाला जे साधते, ते माणसाच्या मेंदूला साधत नाही. म्हणून कडेची जागा आलटूनपालटून घेणे, निदान एखादी रात्र घरातील दुसऱ्या कोणावर सोपवणे, ही चैन नसून गरज आहे.

साधने आणि छायाचित्रे

दुर्बीण ८ × ३२ किंवा ८ × ४२ या मापाची पुरेशी होते. अधिक पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. चष्मा असेल तर नेत्रिकेची रबरी कडा खाली फिरवावी. हात थरथरत असतील तर दुर्बीण तिपाईवर बसवता येते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये.

कॅमेरा जड असण्याची आवश्यकता नाही. लांबचे जवळ आणणारी, एकाच भिंगाची सुटसुटीत झूम कॅमेऱ्याची जात ज्येष्ठांना सोयीची. कॅमेरा टेकवायला धान्य भरलेली लहान कापडी पिशवी उत्तम. ती खुर्चीच्या हातावर वा गाडीच्या खिडकीवर ठेवता येते. ऊन पाठीशी असावे. तरंगत्या बदकासाठी सेकंदाचा १/५०० आणि उडत्या थव्यासाठी १/१६०० इतका वेग ठेवावा. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला, की छायाचित्र जिवंत होते. काठावर आडवे पडण्याची गरज नाही. बुटके पण पाठीला टेकू देणारे आसन पुरते.

उडत्या थव्याच्या छायाचित्रासाठी नावाड्याला थव्यात नाव घालायला मात्र कधीही सांगू नये. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उठवणुकीत खर्ची पडते. शेव, पाव, वेफर्स पाण्यात टाकू नयेत. मेलेला वा आजारी पक्षी दिसल्यास त्याला हात न लावता वनविभागास कळवावे. बर्ड फ्लूच्या दृष्टीने ही दक्षता महत्त्वाची आहे.

कुठे जावे?

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले पाणथळ. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. पुण्या-सोलापूरच्या वाटेवर उजनीच्या फुगवट्याकाठी भिगवण आहे, मराठवाड्यात पैठणजवळ जायकवाडी, विदर्भात नवेगाव बांध, तर गोव्यात करमळीचे तळे. तरीही आरंभ आपल्या गावच्या तलावापासून करावा. जिथे गाडी काठापर्यंत जाते, सावली आहे आणि जवळ स्वच्छतागृह आहे, ते तळे आपल्यासाठी सर्वोत्तम.

प्रकृतीची काळजी

हिवाळ्यातील पहाटेचा गारठा हृदयविकार, दमा वा उच्च रक्तदाब असलेल्यांना बाधू शकतो; ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमारास निघावे. कान-डोके झाकावे. काठची काळी माती निसरडी असते आणि बाभळीचे काटेही असतात; घट्ट, न घसरणारी पादत्राणे आणि काठी हवीच. मधुमेह असल्यास औषध आणि न्याहारीची वेळ चुकवू नये, साखर वा गोळ्या-बिस्किटे जवळ ठेवावीत. लघवी अधिक होण्याचे औषध चालू असेल तर त्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. स्वतःहून ते टाळू नये, पाणी पिणेही कमी करू नये. नावेत बसायचे असेल तर आधार घेऊनच चढावे आणि जीवरक्षक जाकीट घालावे. पहिल्या खेपेस एक तास पुरे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला सोबत नेत असाल, तर ‘हा कोणता पक्षी, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘ते बघा, कसे उलटे झाले!’ एवढेच म्हणावे. नाव आठवले नाही तरी पाहण्याचा आनंद उणावत नाही.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणी छायाचित्रे काढून आणावीत. दोन-चार मोठ्या आकारात छापून, मागे तारीख आणि तळ्याचे नाव लिहून त्यांच्या हाती द्यावीत. एक वहीही ठेवावी: दिनांक, स्थळ, किती दिसली, काय करत होती. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ शेजारी असला, तर मराठी नावे शोधण्यातही दुपार सुखाची जाते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारीख चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या. वहीचे पहिले पान त्या आठवड्यात लिहावे. मार्चमध्ये तळे रिकामे होईल, तेव्हा शेवटच्या पानावर पुढच्या ऑक्टोबरचा महिना आधीच लिहून ठेवावा. औषधांच्या आणि तपासण्यांच्या तारखांनी भरलेल्या दिनदर्शिकेत वाट पाहण्याजोगी एक तारीख असणे, हे प्रकृतीला हितावहच आहे.