उद्यानात लेटरबॉक्स लपवताना

लेटरबॉक्सिंग हा पायी चालण्याचा आणि शोध घेण्याचा खेळ आहे. एक जण सार्वजनिक जागी छोटा, घट्ट झाकणाचा डबा लपवतो आणि तिथवर पोहोचण्याच्या खुणा लिहून इतरांना देतो. डब्यात एक रबरी शिक्का आणि एक नोंदवही असते. शोधायला निघणारा स्वतःचा शिक्का, वही आणि शाईचे पॅड बरोबर नेतो. डबा सापडला की त्यातल्या शिक्क्याचा ठसा तो आपल्या वहीत घेतो, आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवतो, तारीख लिहितो आणि डबा होता तसा परत ठेवतो. बक्षीस नसते आणि डब्यातले काही घरी न्यायचे नसते. अनेक जण खोडरबर कोरून आपले शिक्के स्वतःच तयार करतात.

या खेळाचा उगम इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या माळावर झाला. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने 1854 मध्ये क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचलेले लोक तीत आपले नाव छापलेले कार्ड टाकत. पुढे तिथे स्वतःच्या पत्त्याची पत्रे ठेवण्याची रीत पडली. नंतर येणारा ती उचलून टपालात टाकी, म्हणून या जागेला टपालपेटी म्हणू लागले. 1905 मध्ये तिथे नोंदवही आली. अमेरिकेत हा खेळ 1998 मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकातील एका लेखानंतर पसरला. मे 2000 मध्ये उपग्रहांच्या साहाय्याने डबे शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ सुरू झाला. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, तर लेटरबॉक्सिंगमध्ये वर्णन, दिशा आणि कोडी यांवरून वाट काढावी लागते.

डार्टमूरवर सुरुवातीची कित्येक दशके डबे मोजके होते. 1970 च्या दशकानंतर त्यांची संख्या हजारांवर गेली आणि त्रास दिसू लागला. लोक गवताचे थर उकरू लागले, दगड उलथवू लागले. या माळावर कांस्ययुगातील दगडी रांगा आणि दफने आहेत, त्यांनाही धोका निर्माण झाला. तेव्हा डार्टमूरच्या राष्ट्रीय उद्यानात डबे लपवण्याची आचारसंहिता ठरली. पुरातन अवशेषांत किंवा त्यांच्या जवळ डबा ठेवायचा नाही, शोधणाऱ्याला इजा होईल अशी जागा निवडायची नाही, सिमेंट किंवा अन्य बांधकाम साहित्य वापरून डबा पक्का बसवायचा नाही, हे तिचे मुख्य नियम. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर परवानगीविना ठेवलेली वस्तू बेवारस मालमत्ता समजून जप्त होऊ शकते. डबा लपवणाऱ्याची जबाबदारी डबा ठेवून संपत नाही, तिथून ती सुरू होते, हे या सर्व नियमांचे सार आहे.

महाराष्ट्रात हा खेळ खेळायचा तर त्याला इथली जमीन, इथला पाऊस आणि इथले कायदे यांचा विचार करावा लागतो. रायगड जिल्ह्यातील रोहा आणि अष्टमी ही कुंडलिका नदीच्या समोरासमोरच्या काठांवरची गावे एकाच नगरपरिषदेखाली येतात. अशा गावात पहिले पाऊल परवानगीचे. सार्वजनिक बाग नगरपरिषदेच्या ताब्यात असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे, महानगरात उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा. अर्जात डब्याची नेमकी जागा, आकार, आतील वस्तू, ठेवण्याची मुदत आणि संपर्काचा क्रमांक द्यावा. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी आणि बागेच्या माळ्याला व रखवालदाराला डबा प्रत्यक्ष दाखवावा.

पोलिसांना कळवणे ही निव्वळ औपचारिकता नाही. 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीचा स्फोट झाला आणि माणसे दगावली. अनोळखी वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, हे आवाहन रेल्वे स्थानकांवर सतत केले जाते आणि ते योग्यच आहे. म्हणून डबा पारदर्शक असावा. त्यावर हा खेळाचा डबा असल्याचे, परवानगी कोणी दिली ते आणि संपर्काचा क्रमांक मराठीत ठळक लिहिलेला असावा. धातूचा डबा, चिकटपट्टीत गुंडाळलेले पुडके, वायर किंवा बॅटरी असलेली वस्तू कधीही वापरू नये. रेल्वे स्थानक, पूल, शाळा, सरकारी कचेरी आणि गर्दीचे बाजार यांच्या आसपास डबा ठेवूच नये.

काही जागा पूर्ण वर्ज्य आहेत. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. 1986 पासून ते अभयारण्य आहे आणि शेकरूचे घर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यातील प्रवेशावरच निर्बंध आहेत, तिथे वस्तू लपवण्याचा प्रश्न येत नाही. रोह्याजवळच्या अवचितगडासारख्या किल्ल्यांच्या तटात, टाक्यांत किंवा दगडांच्या सांध्यांत डबा खुपसल्याने चिरे सैल होतात. देवराया, देवळे, मशिदी, दर्गे, स्मशाने आणि कब्रस्ताने यांचा मान राखून तिथेही डबा ठेवू नये. अशा ठिकाणी डब्याविना शोध रचता येतो. पाटीवरचा एखादा आकडा किंवा कमानीवरचे शिल्प पाहून उत्तर लिहायचे, एवढाच खेळ ठेवला तरी फिरण्याचा आनंद मिळतो.

बागेत जागा निवडताना पाऊलवाटेपासून हाताच्या अंतरावरची जागा उत्तम. वाट सोडून वाफ्यांत शिरावे लागले की रोपे तुडवली जातात. झाडाला खिळा, तार किंवा स्क्रू लावू नये, कारण जखमेतून बुरशी आणि कीड आत शिरते. ढोलीत डबा ठेवू नये, तिथे पोपट, पिंगळे घरटी करतात. खड्डा खणू नये. दगडांची रास आणि पालापाचोळ्याचा ढीगही टाळावा. कोकणात फुरसे, घोणस, मण्यार आणि विंचू अशाच आडोशाला असतात, आणि लहान मूल तिथे न पाहता हात घालते. डबा जमिनीपासून थोडा वर आणि हात घालण्याआधी नजरेस पडेल असा असावा. नदीकाठच्या बागेत तो पुराच्या पातळीच्या बराच वर हवा.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे रबरी कडेच्या झाकणाची, घट्ट बंद होणारी बरणी घ्यावी. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवून सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी. पेनाची शाई ओलीने फुटते, म्हणून पेन्सिल बरी. खाऊ, अत्तर, काडेपेटी, ब्लेड, औषधे आत ठेवू नयेत. खाऊच्या वासाने मुंग्या, उंदीर आणि माकडे येतात. झाकण फुटलेल्या डब्यात पाणी साचले तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

खुणा लिहिताना टिकाऊ गोष्टींचा आधार घ्यावा: फाटक, विहीर, पुतळ्याचा चौथरा, मोठा वड. रंगवलेले बाक आणि हंगामी फुले बदलतात. पावले मोजायला सांगितली तर मोठ्यांची की मुलांची ते लिहावे. बाग उघडण्याची व बंद होण्याची वेळ, आणि काय हलवायची गरज नाही हेही नोंदवावे. उकरणे, दगड उचलणे, फांदी वाकवणे लागणार नाही असे आधीच सांगितले की शोधणारा बागेची नासधूस करत नाही.

डब्याची देखभाल हा खेळाचा सर्वांत लांबणारा भाग आहे. महिन्यातून एकदा तरी जाऊन वही कोरडी आहे का, झाकण घट्ट आहे का, आजूबाजूचे गवत तुडवून नवी वाट पडली आहे का, हे पाहावे. वाट पडली असेल तर डबा काढून त्या जागेला विश्रांती द्यावी. कोकणात जूनच्या आरंभी डबा उचलून पाऊस ओसरल्यावर पुन्हा ठेवणे सोयीचे. ठेवणारा गाव सोडून जाणार असेल तर त्याने डबा दुसऱ्याकडे रीतसर सोपवावा किंवा काढून घ्यावा. परवानगीची मुदत संपताच डबा काढावा, खुणांचा कागद मागे घ्यावा आणि डबा हलवल्याचे नगरपरिषदेला व पोलीस ठाण्याला लेखी कळवावे.